व्हाइट हाऊसचा भाडेकरू आणि बाजाराचा हिशेब

९ नोव्हेंबर २०१६ चा बुधवार मुंबईच्या शेअर बाजारातील जुन्याजाणत्यांनाही सहजासहजी विसरता येणार नाही. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी दूरचित्रवाणीवर आले आणि पाचशे व हजार रुपयांच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद झाल्या. त्या धक्क्यातून घरोघरची माणसे सावरतात न सावरतात तोच पहाटे अमेरिकेतील अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतमोजणी सुरू झाली. हिलरी क्लिंटन निवडून येणार असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. सकाळी सव्वानऊला मुंबईचा बाजार उघडला, त्याच सुमारास फ्लोरिडा हे मोठे राज्य डोनाल्ड ट्रम्प यांच्या पदरात पडल्याची बातमी आली आणि सेन्सेक्स बघता बघता सोळाशेहून अधिक अंशांनी कोसळला. दुपारी सव्वा-दीडच्या सुमारास ट्रम्प यांचे विजयाचे भाषण झाले. ते अपेक्षेपेक्षा बरेच सौम्य निघाले. तोवर बाजारही सावरू लागला होता. संध्याकाळी हिशेब झाला तेव्हा दिवसाची घसरण फक्त ३३९ अंशांची होती.

ही घसरण नोटांमुळे झाली की ट्रम्प यांच्यामुळे, याचा निवाडा आजतागायत कोणी करू शकलेले नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी दोन्ही कारणे दिली आणि ते बरोबरच होते. पण सकाळी साडेनऊला ज्याने घाबरून आपले शेअर विकले, त्याचे नुकसान मात्र अगदी निश्चित होते. त्यात वादाला जागा नव्हती.

अमेरिकेच्या निवडणुकीच्या बाबतीत मुंबईची स्थिती थोडी विचित्र आहे. न्यूयॉर्कचा मुख्य बाजार मतमोजणीच्या रात्री बंद असतो. वायद्यांचे व्यवहार चालू असतात, पण सामान्य अमेरिकन गुंतवणूकदार तेव्हा एक तर दूरचित्रवाणीसमोर असतो किंवा झोपलेला असतो. मुंबई आणि टोकियो मात्र ऐन मतमोजणीत उघडे असतात, आणि अर्धवट निकालांवर जे घबराटीचे व्यवहार व्हायचे ते आपल्याकडे होतात. त्या दिवशी टोकियोचा निक्केई निर्देशांक पाच टक्क्यांहून अधिक घसरला आणि दुसऱ्याच दिवशी साडेसहा टक्क्यांहून अधिक वर गेला. एका दिवसात जपानच्या उद्योगधंद्यांचे एवढे वाईट झाले आणि पुढच्या दिवशी एवढे भले झाले, असे कोणी म्हणणार नाही.

त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये दोन नामवंतांनी दोन परस्परविरुद्ध गोष्टी केल्या. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक २००८ मध्ये मिळवलेले पॉल क्रुगमन यांनी लिहिले की, बाजार कधी सावरेल या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘कधीच नाही’ हे आहे. काही दिवसांतच त्यांना ते मत मागे घ्यावे लागले. दुसरे कार्ल आयकान, वॉल स्ट्रीटवरचे मुरलेले खेळाडू आणि ट्रम्प यांचे समर्थक. ते विजयाच्या मेजवानीतून मध्यरात्रीनंतर उठले, घरी गेले आणि सुमारे शंभर कोटी डॉलरचे शेअर घेऊन बसले, असे त्यांनीच नंतर सांगितले. रात्री वायदेबाजारात डाऊ जोन्स निर्देशांक आठशेहून अधिक अंशांनी खाली होता. प्रत्यक्ष बाजार बंद होताना तो सुमारे २५७ अंशांनी वर होता. पंडितापेक्षा धंदेवाला शहाणा, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. पण आयकान यांच्यापाशी शंभर कोटी डॉलर गमावण्याची ऐपत होती. आपली तुलना त्यांच्याशी होऊ शकत नाही.

निवडणूक आणि पैसा यांचे अमेरिकेतील नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रस्त्यावर भरणाऱ्या ‘कर्ब मार्केट’मध्ये दलाल मंडळी अध्यक्षपदाच्या उमेदवारांवर उघड पैजा घेत आणि त्यांचे भाव वर्तमानपत्रांतून छापून येत. जनमत चाचण्या सुरू होण्यापूर्वीच्या काळात निकालाचा अंदाज बांधायला लोकांना तेच एक साधन होते. आपल्याकडे निवडणुका आल्या की राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराचे भाव चवीने वाचले जातात, त्यातलाच हा प्रकार. गंमत म्हणजे न्यूयॉर्कचा शेअर बाजार अध्यक्षीय निवडणुकीच्या मतदानाच्या दिवशी चक्क बंद असे. १९८० पर्यंत ही प्रथा चालली. मतदानाच्या दिवशी तो पहिल्यांदा उघडा राहिला तो १९८४ मध्ये.

१९४८ ची गोष्ट तर पाठ्यपुस्तकात घालावी अशी आहे. हॅरी ट्रूमन हरणार आणि रिपब्लिकन पक्षाचे थॉमस ड्यूई जिंकणार याबद्दल कोणालाही शंका नव्हती. ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने ड्यूई यांच्या विजयाचा मथळा छापूनही टाकला. ट्रूमन निवडून आले, तो अंक हातात धरून हसतानाचे त्यांचे छायाचित्र जगभर गेले आणि डाऊ जोन्स एका दिवसात जवळजवळ चार टक्क्यांनी घसरला. कामगार संघटनांच्या या मित्राच्या राज्यात उद्योगांचे काही खरे नाही, अशी वॉल स्ट्रीटची खात्री होती. पुढच्याच वर्षी, जून १९४९ मध्ये, ट्रूमन अध्यक्षपदी असतानाच बाजाराने तळ गाठला आणि तिथून एक प्रदीर्घ तेजी सुरू झाली.

असे वारंवार का घडते? निकालाच्या रात्रीचा भाव हा एका अंदाजावर रचलेला दुसरा अंदाज असतो आणि त्यावर तिसरा. कोण निवडून येईल, हा पहिला मजला. निवडून आलेला माणूस प्रचारात बोलला त्यातले काय करील, हा दुसरा. अमेरिकेची काँग्रेस त्याला ते करू देईल का, हा तिसरा. केले तर इतर देश, कंपन्या आणि ग्राहक त्याला कसे उत्तर देतील, हा चौथा. आणि यातले किती आधीच शेअरच्या भावात शिरलेले आहे, हा पाचवा, जो सर्वांत अवघड. जनमत चाचण्यांना फार तर पहिल्या मजल्याचा अदमास लागतो, तोही १९४८ आणि २०१६ मध्ये लागला नाही. वरच्या चार मजल्यांवर कोणाचाच दिवा नाही. तरीही दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ गच्चीवर उभे राहून सर्व मजल्यांची माहिती देत असतात.

शिवाय जगाचे व्यवहार निवडणुकीसाठी थांबत नाहीत. २०२० मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला झाले आणि जो बायडेन यांचा विजय शनिवारी, ७ तारखेला निश्चित झाला. सोमवारी, ९ तारखेला, डाऊ ८३४ अंशांनी उसळला. बायडेन यांचे स्वागत म्हणावे, तर त्याच सकाळी फायझर कंपनीने आपली कोरोनाची लस ९० टक्क्यांहून अधिक परिणामकारक ठरल्याचे जाहीर केले होते. विमान कंपन्यांचे आणि जहाज-सहलींचे शेअर त्या दिवशी वर गेले, ते काही बायडेन यांच्या प्रेमाखातर नव्हे.

याच्या उलट चित्र २००८ चे. बराक ओबामा ४ नोव्हेंबरला निवडून आले आणि पुढच्या दोन दिवसांत डाऊ मिळून ९०० हून अधिक अंशांनी, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी, घसरला. ओबामांना नापसंती दाखवणारा बाजार अशी टिप्पणी तेव्हा झाली. वस्तुतः लेहमन ब्रदर्स ही बँक सप्टेंबरमध्येच बुडाली होती, घरांच्या कर्जांचा डोलारा कोसळत होता आणि कोणीही निवडून आले असते तरी बाजार खालीच जाणार होता. ९ मार्च २००९ रोजी डाऊ ६,५४७ वर आला. ओबामा यांनी जानेवारी २०१७ मध्ये व्हाइट हाऊस सोडले तेव्हा तो १९,८०० च्या आसपास होता. अमेरिकेत नोकरदारांची निवृत्तीची पुंजी ‘४०१(के)’ नावाच्या खात्यात साठते. आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखेच ते, पण शेअर बाजाराशी बांधलेले. ओबामा आले म्हणून किंवा भीतीपोटी ज्यांनी त्या हिवाळ्यात हे खाते शेअरमधून काढून बँकेत नेले आणि परत आणले नाही, त्यांच्या म्हातारपणाचा एक मोठा तुकडा तिथेच गळून पडला.

आता एक नेहमीचा प्रश्न. बाजाराला कोणता पक्ष मानवतो? सर्वसाधारण समजूत अशी की रिपब्लिकन पक्ष कर कमी करणारा, उद्योगांना मोकळीक देणारा, म्हणून तो शेअर बाजाराला प्रिय. डेमोक्रॅट पक्ष कर लावणारा, म्हणून अप्रिय. पेड्रो सांता-क्लारा आणि रॉसेन वाल्कानोव्ह या दोन अभ्यासकांनी १९२७ ते १९९८ या काळाचा हिशेब २००३ मध्ये मांडला आणि तो अगदी उलटा निघाला. सरकारी ट्रेझरी बिलांपेक्षा शेअरनी जो जादा परतावा दिला, तो डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात रिपब्लिकन काळापेक्षा वर्षाला सुमारे नऊ टक्क्यांनी अधिक होता. त्यानंतरही चित्र फारसे बदललेले नाही. बिल क्लिंटन यांनी ३,२०० च्या आसपासचा डाऊ १०,६०० वर सोडला. धाकट्या बुश यांनी तो घेतला आणि आठ वर्षांनी ८,००० च्या घरात ओबामांच्या हाती दिला.

मग डेमोक्रॅट आले की शेअर घ्यावेत काय? इथे घाई नको. ल्युबोश पास्तोर आणि पिएत्रो व्हेरोनेसी यांनी २०२० मध्ये याचे जे स्पष्टीकरण दिले ते मला सर्वांत पटते. लोक संकटात सापडले, भेदरले की सरकारी आधार देणाऱ्या पक्षाकडे वळतात, म्हणून डेमोक्रॅट निवडून येतात. आणि लोक भेदरलेले असतात तेव्हा शेअर स्वस्तही असतात. १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आले ते महामंदीच्या गाळात. त्यांची निवड आणि शपथविधी यांमधल्या चार महिन्यांत देशभर बँकांसमोर रांगा लागल्या, मार्च १९३३ मध्ये त्यांनी सगळ्या बँकांना सुट्टी दिली, बाजारही बंद राहिला आणि १५ मार्चला उघडल्यावर डाऊ एका दिवसात १५ टक्क्यांहून अधिक चढला. हा विक्रम अजून मोडलेला नाही. २००८ मध्ये ओबामाही असेच पडझडीच्या मध्यावर आले. म्हणजे पक्षामुळे तेजी आली असे म्हणण्यापेक्षा, ज्या मंदीने तेजीला जागा करून दिली त्याच मंदीने तो पक्षही सत्तेवर आणला, असे म्हणणे अधिक खरे.

व्हाइट हाऊसकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असताना वॉशिंग्टनमधल्या दुसऱ्या एका इमारतीकडे दुर्लक्ष होते. ती फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची. व्याजाचे दर तिथे ठरतात, आणि शेअर बाजारावर व्याजदराची सत्ता कोणत्याही अध्यक्षापेक्षा मोठी आहे. बँकेत पैसे ठेवून पाच टक्के मिळणार असतील तर शेअरकडे लोक एका नजरेने पाहतात. तेच पैसे पंधरा टक्के मिळवू लागले तर शेअरकडे कोण कशाला पाहील? अध्यक्ष येतात-जातात. फेडच्या मंडळातील सभासदाची पूर्ण मुदत मात्र १४ वर्षांची असते, ती उगीच नव्हे.

ही भिंत तोडण्याचा प्रयत्न रिचर्ड निक्सन यांनी केला. १९६० ची निवडणूक आपण हरलो ती मध्यवर्ती बँकेने पैसा आवळून धरल्यामुळे, अशी त्यांची पक्की धारणा होती. सत्तेवर आल्यावर त्यांनी १९७० मध्ये आपले जुने स्नेही आर्थर बर्न्स यांना फेडच्या अध्यक्षपदी बसवले आणि १९७२ च्या निवडणुकीआधी पैसा सैल करण्यासाठी त्यांच्यामागे लकडा लावला. व्हाइट हाऊसमधील ध्वनिफितींवर ते सारे नोंदले गेले आहे. किमती आणि वेतन सरकारी हुकमाने आधीच गोठवलेली होती, त्यामुळे महागाई काही काळ झाकली गेली. निक्सन पन्नासपैकी ४९ राज्ये जिंकले. निकालानंतर आठवडाभरात, १४ नोव्हेंबर १९७२ रोजी, डाऊ इतिहासात पहिल्यांदा एक हजाराच्या वर बंद झाला. निवडणूक आणि तेजी यांचा याहून सुंदर संगम शोधून सापडणार नाही. दोन महिन्यांत ती तेजी संपली. झाकण निघाले, महागाई वर आली, त्यात १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल रोखले, आणि डिसेंबर १९७४ मध्ये डाऊ ५७८ वर होता. निकालाच्या आनंदात हजाराला घेतलेल्या शेअरची किंमत दोन वर्षांत जवळजवळ निम्मी झाली.

जिमी कार्टर यांनी नेमके उलटे केले आणि त्याची किंमतही मोजली. ऑगस्ट १९७९ मध्ये त्यांनी पॉल वोल्कर यांना फेडवर आणले. महागाई १९८० मध्ये तेरा टक्क्यांच्या वर गेली होती. ती मोडून काढण्यासाठी वोल्कर यांनी पैसा असा काही आवळला की बँकांमधले एका रात्रीचे व्याज वीस टक्क्यांच्या घरात गेले. मंदी आली, कार्टर १९८० ची निवडणूक हरले. रोनाल्ड रेगन निवडून आल्यावर बाजाराने टाळ्या वाजवल्या, पण त्या फार टिकल्या नाहीत, कारण व्याज चढेच होते. डाऊ ऑगस्ट १९८२ मध्ये ७७७ पर्यंत उतरला, म्हणजे रेगन यांनी शपथ घेतली त्या दिवसापेक्षाही खाली. महागाई मोडल्याची खात्री पटली, व्याज उतरू लागले, आणि मग जी तेजी सुरू झाली तिचे श्रेय इतिहासाने रेगन यांच्या खात्यावर जमा केले. १९८४ मध्ये तेही ४९ राज्ये जिंकले. कार्टर यांनी पेरले ते रेगन यांनी कापले, हे बाजाराच्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

आडाख्यांची मात्र वाण नाही. येल हर्श या गृहस्थांनी चार वर्षांच्या अध्यक्षीय चक्राचा सिद्धांत लोकप्रिय केला. अध्यक्ष पहिल्या दोन वर्षांत कडू औषधे देतात, तिसऱ्या वर्षापासून पुढच्या निवडणुकीसाठी साखर वाटतात, म्हणून तिसरे वर्ष बाजाराला सर्वांत चांगले. १९३९ नंतर तिसऱ्या वर्षी डाऊ कधी घसरला नव्हता, तो २०१५ मध्ये घसरला. निवडणुकीपूर्वीच्या तीन महिन्यांत बाजार चढला तर सत्तारूढ पक्ष जिंकतो, असाही एक ठोकताळा आहे. २०२४ मध्ये बाजार चढला आणि सत्तारूढ पक्षाच्या कमला हॅरिस हरल्या. १९२८ ते २०२४ या जवळपास शंभर वर्षांत अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुका झाल्या २५. एवढ्याशा नमुन्यातून कोणताही नियम काढता येतो आणि कोणताही मोडताही येतो. नक्षत्राचे वाहन बेडूक की गाढव यावरून पावसाचा अंदाज सांगणारे आपल्याकडे आहेत. अमेरिकेत ‘सुपर बोल’ हा फुटबॉलचा सामना कोणत्या गटाचा संघ जिंकतो यावरून वर्षाची तेजी-मंदी सांगणारे होते, आणि कित्येक वर्षे त्यांचे म्हणणे खरेही ठरत होते!

यापेक्षा अधिक घातक सल्ला असतो तो ‘निवडणुकीच्या शेअर’चा. अमुक आला तर तेल कंपन्या घ्या, तमुक आला तर सौर ऊर्जा घ्या. ट्रम्प २०१६ मध्ये खनिज तेलाचे कैवारी म्हणून निवडून आले. त्यांच्या पहिल्या चार वर्षांत ऊर्जा कंपन्यांचे शेअर सर्व क्षेत्रांत तळाला राहिले. बायडेन हरित ऊर्जेचे पुरस्कर्ते. त्यांच्या काळात तेल कंपन्यांनी भरभराट पाहिली, अमेरिकेचे तेल उत्पादन विक्रमी झाले आणि सौर कंपन्यांचे शेअर २०२१ च्या सुरुवातीच्या उच्चांकावरून कोसळले. तेलाचा भाव कोरोनाने पाडला आणि युक्रेनच्या युद्धाने चढवला. सौर कंपन्या कर्जावर चालतात, त्यांना चढ्या व्याजाने मारले. २०२४ च्या निकालानंतर ट्रम्प यांचे सहकारी इलॉन मस्क यांच्या टेस्लाचा शेअर एका दिवसात १५ टक्क्यांच्या आसपास वाढला, डिसेंबरात ४८० डॉलरला टेकला आणि मार्च २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात निवडणुकीनंतरची सारी कमाई घालवून २२२ वर आला. अध्यक्षांशी मैत्री हा कंपनीच्या ताळेबंदातला रकाना नव्हे.

याचा अर्थ अध्यक्षाला काहीच महत्त्व नाही, असा कोणी घेऊ नये. अध्यक्ष बाजार हलवतो, जबरदस्त हलवतो, पण तो निकालाच्या रात्री नव्हे, तर सही करतो त्या दिवशी. २०२४ च्या प्रचारात ट्रम्प आयातशुल्क हा शब्द आपला किती आवडता आहे हे जाहीर सभांतून सांगत होते. तरी ६ नोव्हेंबरला डाऊ १,५०८ अंशांनी उसळला. बाजाराने करकपातीचे आश्वासन तेवढे ऐकले आणि आयातशुल्काचे बोलणे सौद्यातली घासाघीस म्हणून सोडून दिले. २ एप्रिल २०२५ रोजी ट्रम्प यांनी जवळजवळ साऱ्या जगावर आयातशुल्के जाहीर केली. पुढच्या दोन दिवसांत एस अँड पी ५०० हा व्यापक निर्देशांक दहा टक्क्यांहून अधिक घसरला. सोमवारी, ७ एप्रिलला, मुंबईत सेन्सेक्स एका वेळी जवळजवळ चार हजार अंशांनी खाली होता आणि बंद होताना २,२२७ अंशांनी. ९ तारखेला ट्रम्प यांनी बहुतेक शुल्के ९० दिवसांसाठी स्थगित केली आणि एस अँड पी एका दिवसात साडेनऊ टक्के चढला. जूनअखेर त्याने नवा उच्चांक केला. सोमवारी विकणाऱ्याला बुधवारची सही ठाऊक असण्याचा काही मार्ग नव्हता. ती बहुधा सही करणाऱ्यालाही ठाऊक नसावी.

आपल्या घरापर्यंत हे कुठल्या वाटांनी येते, हे नीट पाहिले पाहिजे. सेन्सेक्सची वाट सर्वांत गाजावाजाची आणि सर्वांत कमी महत्त्वाची. ६ नोव्हेंबर २०२४ ला ट्रम्प यांच्या विजयावर सेन्सेक्स ९०१ अंशांनी वाढला, दुसऱ्या दिवशी ८३६ अंशांनी उतरला. दोन दिवसांच्या गोंगाटाची बेरीज ६५. त्याआधी ऑक्टोबरात परकीय वित्तसंस्थांनी आपल्या बाजारातून सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढून नेले होते. त्यात निवडणुकीची अनिश्चितता होती, पण त्याहून अधिक चीनने दिलेल्या सवलती, आपल्या शेअरचे चढे भाव आणि कंपन्यांचे फिके निकाल होते. त्याच महिन्यात म्युच्युअल फंडांत मासिक हप्त्यांनी, ज्याला सगळे एसआयपी म्हणतात, २५,३२३ कोटी रुपये आले. पगारदारांचे दोन-दोन, पाच-पाच हजार रुपये जमून झालेली ही रक्कम आहे, आणि परकीयांच्या विक्रीखाली बाजार पार दबून गेला नाही त्याला तिचा मोठा हातभार होता.

दुसरी वाट रुपयाची, आणि ती थेट स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलापर्यंत जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये डॉलर ८४ रुपयांच्या थोडा वर होता, फेब्रुवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ८७ च्या पुढे गेला. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाची वर्षाची फी ४० हजार डॉलर धरली तर तीन महिन्यांत तिच्यात सव्वा लाखाच्या आसपास वाढ झाली. शेअर बाजारात एक पैसा नसलेल्या आई-वडिलांनाही ती भरावी लागली. तिसरी वाट रोजगाराची. २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याच भारतीय मालावर अमेरिकेने एकूण ५० टक्के शुल्क लावले. पुढे वाटाघाटी आणि न्यायालये यांतून त्या शुल्कांचे काय काय झाले हा स्वतंत्र विषय, पण अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारागिरांना त्या महिन्यात मागणीची चिंता होती, सेन्सेक्सची नव्हे. १९ सप्टेंबरला नव्या ‘एच-१बी’ अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतले फोन त्या शनिवार-रविवारी थांबले नाहीत. सोमवारी माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे शेअर पडले. ज्या घरात मुलगा त्या धंद्यात नोकरीला, मुलगी अमेरिकेत, आणि बचतही त्याच कंपन्यांच्या शेअरमध्ये, त्या घराने तिन्ही अंडी एकाच टोपलीत ठेवलेली असतात. अशा घराला निवडणुकीचा धोका खरोखरच आहे, आणि तो निकालाच्या रात्री शेअर विकून कमी होत नाही. तो कमी करायचा तर बचत वेगळ्या धंद्यांत नेणे हे सावकाश, दोन-तीन वर्षांत करायचे काम आहे.

राजकारणाचे रागलोभ पैशाच्या व्यवहारात शिरतात, हा यातला सर्वांत नाजूक भाग. मिशिगन विद्यापीठाची ग्राहकांच्या मनःस्थितीची पाहणी दर महिन्याला प्रसिद्ध होते. अध्यक्ष बदलला की रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट मतदारांची अर्थव्यवस्थेविषयीची मते जवळजवळ रातोरात एकमेकांच्या जागी जातात. अर्थव्यवस्था तीच, पगार तोच, वाणसामानाची यादी तीच, पण आपला माणूस हरला की सगळे बुडाले असे वाटू लागते. आपणही याला अपवाद नाही. ४ जून २०२४ रोजी लोकसभेच्या निकालात भाजपला स्वतःचे बहुमत मिळत नाही असे दिसताच सेन्सेक्स ४,३९० अंशांनी कोसळला. त्या शुक्रवारी, तीनच दिवसांनी, तो पूर्वीच्या उच्चांकाच्या वर होता. मंगळवारी विकणाऱ्यांत निराश समर्थक किती आणि हुशार विरोधक किती, हे कळायला मार्ग नाही. दलाली मात्र दोघांकडूनही सारखीच घेतली गेली. शिवाय जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावरचा कर १५ वरून २० टक्के झाला, म्हणजे भीतीने विकून धीर आल्यावर परत घेण्याचा खर्चही वाढला.

तेव्हा घरातल्या पैशाविषयी विचारायचा प्रश्न साधा आहे. हे पैसे केव्हा लागणार? दोन वर्षांनी मुलीची फी भरायची असेल तर ते पैसे शेअर बाजारात असताच कामा नयेत, मग व्हाइट हाऊसमध्ये साक्षात कुबेर येऊन बसला तरी. पंधरा वर्षांनी निवृत्तीसाठी लागणार असतील तर त्या काळात तीन-चार अध्यक्षीय निवडणुका, एखादे युद्ध आणि दोन-तीन पडझडी येणारच. डॉलरमध्ये खर्च करायचा असेल तर त्याची तजवीज डॉलरच्या हिशेबाने आणि आधीपासून करायला हवी. यातले काहीही नोव्हेंबरातल्या एका बुधवारी ठरवण्यासारखे नाही.

पुढची अध्यक्षीय निवडणूक मंगळवारी, ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. ट्रम्प यांना अमेरिकेच्या घटनेप्रमाणे पुन्हा निवडून येता येत नाही, त्यामुळे नवा अध्यक्ष येणार एवढे नक्की. आपल्याकडे बुधवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास पहिले कल येऊ लागतील आणि वेळापत्रक बदलले नाही तर सव्वानऊला मुंबईचा बाजार उघडेल. ज्यांच्या मासिक हप्त्याची तारीख आठ असेल, त्यांचा हप्ता त्याही दिवशी बँकेतून जाईल.